१६८ यादीत का येत नाही

रवि., १५ जाने. ९५
आज काकूंनी मंडळाची यादी स्वतः वाचली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक छपाई दिसते. ठाण्याचा मुलगा, बँकेत, चौतीस वर्षांचा. मुलगी पदवीधर आणि नोकरी करणारी हवी, पत्रिकेचा आग्रह नाही. मी कॉम्प्युटरवर शोध घेतला, सहा नावं आली, छापून दिली. काकूंनी कागद दोनदा वाचला.
"मोहन, यात गोग्रासवाडीच्या आप्पांची शैलजा कुठे आहे?"
"नाही आली."
"का नाही आली? बी.कॉम. आहे, कल्याणला नोकरी करते. या यादीत तीच पहिली हवी."
बघतो म्हणालो. वधूवर मंडळात नाव नोंदवायला आलेलं जोडपं समोरच बसलेलं. काकू त्यांना म्हणाल्या, "आमचे कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत. काढतील शोधून."
मी बारावी नापास. ठाण्याचा कॉम्प्युटरचा क्लाससुद्धा अर्धाच केला. सरांनी सगळ्यांदेखत इंग्रजीत प्रश्न विचारला, मी उभा राहिलो, बसलो, दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. काकूंना हे माहीत नाही.

सोम., १६ जाने.
मानपाड्याहून कारखाना सुटल्यावर थेट काकूंकडे. मुलींच्या नोंदवहीत शै.चा नंबर १६८, म्हणून फाईलचं नाव M168. यंत्राला विचारलं. उत्तर: अशी फाईल नाही. तीनदा विचारलं. १६७ आहे, १६९ आहे.
दर महिन्याला सगळ्या फाईली फ्लॉपीवर उतरवून ठेवतो. त्यांत बघितलं. डिसेंबरच्या फ्लॉपीत नाही. ऑक्टोबरच्या नाही. जूनच्याही नाही.
मग कधीपासून नाही?

बुध., १८ जाने.
फ्लॉपीच्या ड्राइव्हचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. व्हायरस शोधायची डिस्क चालवली. काही नाही. काकूंच्या मुलाचं हे यंत्र, तो बहारिनला जाताना माझ्या भरवशावर ठेवून गेला. माझ्या हातून त्याची डिस्क बिघडली असेल तर.
काकूंनी आतून विचारलं, "सापडली का रे?" म्हटलं, डिस्कला थोडा त्रास आहे. खोटं. कशाचा त्रास आहे ते मला माहीतच नव्हतं.
शेवटी ठरवलं, कोणाला न सांगता नवी फाईल करायची. वहीतून शै.ची सगळी माहिती पुन्हा टाइप केली. जन्मसाल, उंची पाच फूट दोन, नक्षत्र, नोकरी, भावंडं. एक अक्षर चुकू दिलं नाही. M168 नावाने ठेवायला गेलो तर यंत्र ठेवू देईना.
फाईल नाही म्हणतं, आणि त्या नावाने नवी ठेवूही देत नाही. म्हणजे त्या जागेवर कोणीतरी बसलंय.
यंत्र तसंच बंद करून घरी आलो.   

गुरु., १९ जाने.
कळलं. सगळं कळलं. नीट लिहून ठेवतो.
लग्न जमलं की काकू वहीतल्या नंबरासमोर कुंकवाचं बोट लावतात. कागद फाडत नाहीत, अपशकुन होतो म्हणतात. यंत्रात कुंकू लावता येत नाही, म्हणून मी झाकायची युक्ती काढलेली. झाकलेली फाईल डिस्कवर असते, पण यादीत दिसत नाही, शोधात येत नाही, फ्लॉपीवरही उतरत नाही. काकूंना किती आवडलेली ती युक्ती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.
आज डिस्क तपासायची आज्ञा दिली. शेवटी आकडे येतात, त्यात एक ओळ: झाकलेल्या फाईली ३१. त्यातल्या तीन यंत्राच्या स्वतःच्या, त्या नेहमीच असतात. राहिल्या २८. वहीतली कुंकवाची बोटं मोजली. २७. परत मोजली. २७.
मग झाकलेल्यांची नावं काढली. M168.
वहीत १६८ समोर कुंकू नाही, पण पुसलेला फिकट गुलाबी डाग आहे. लग्न जमलं होतं, मोडलं. काकूंनी कुंकू पुसलं. मी मात्र तेव्हा झाकलेली फाईल उघडली नाही.
आता उघडली. एका आज्ञेचं काम. ठाण्याच्या मुलासाठी पुन्हा शोध घेतला, सात नावं आली. शै. चौथी.

शुक्र., २० जाने.
कारखान्यात दिवसभर स्वतःची समजूत घालत होतो की मला कोणी सांगितलंच नसेल. ते मोडलं तेव्हा मी नसेन. आप्पा काकूंशी बोलले असतील. काकू विसरल्या असतील.
संध्याकाळी माळ्यावरून ९३ ची रोजनिशी काढली.
"रवि., १२ डिसें. ९३. आप्पा आलेले. शैलजाचं मोडलं म्हणाले, मुलाकडच्यांनी नकार कळवला. काकूंनी कुंकू पुसलं, मला म्हणाल्या फाईल उघड. लाईट गेलेले. उद्या करणे."
माझंच अक्षर. 'उद्या करणे'च्या खाली रेघसुद्धा मारलेली आहे.
दुसऱ्या दिवशीचं पान: काकूंनी पाहुण्यांसमोर मला प्रथमच इंजिनिअर म्हटलं. पाहुण्यांपैकी एकाने माझा हात हातात घेतला. चार ओळी लिहिल्यात त्याच्यावर. फाईलचा एक शब्द नाही.
तेरा महिने.

रवि., २२ जाने.
दर रविवारी आप्पा येतात. रेल्वेतून निवृत्त, पांढरा लेंगा, कापडी पिशवी. दारातूनच म्हणतात, "काय इंजिनिअरसाहेब, तुमच्या पेटीत आमच्या मुलीचं नशीब निघालं का?" तेरा महिने मी हसत आलो. काकू मुलीकडच्यांना मुलांची यादी देत नाहीत, त्यांच्यात ती पद्धत नाही. यादी मुलाकडे जायची आणि तिकडून विचारणा आली की मुलीकडे कळवायचं. म्हणजे आप्पांना वाट बघण्याशिवाय काही करताच येत नव्हतं. काकू दर वेळी सांगायच्या, "अजून कोणाचं आलेलं नाही हो. येईल."
आज आप्पा पेढे घेऊन आले. मला आधी दिला.
"जमलं, काकू. टिटवाळ्याचे आहेत. बिजवर आहेत, सात वर्षांची मुलगी आहे. माणूस सज्जन आहे. आमच्या जुन्या ओळखीतून आलं. साखरपुडा बारा फेब्रुवारीला."
काकू म्हणाल्या, "शैलजाचं मन आहे ना?"
आप्पा पिशवीची नाडी गुंडाळत बसले. "ती म्हणाली, वर्षभरात एकाही माणसाने विचारलं नाही, बाबा, म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार. आता आलंय त्याला नाही कशाला म्हणू. यावर मी काय बोलणार? एकतीस झाली ती."
पेढा तोंडात होता. तसाच गालात धरून बसलो. 
जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या पेटीने नाही तर नाही, देवाने दिलं."

मंगळ., २४ जाने.
खरं अजून सांगितलं नाही. काकूंनी विचारलं, शै.ची फाईल सापडली होती का. हो म्हटलं, डिस्क दुरुस्त केली. "बघ, हाताला यश आहे तुझ्या." वर हे ऐकून घेतलं.

गुरु., २६ जाने.
सुट्टी. सकाळपासून काकूंकडे. मुलांकडून आलेल्या मागण्यांचे कागद मी तारखेवार जपून ठेवतो. डिसें. ९३ पासूनचे सगळे काढले. एकेक मागणी पुन्हा यंत्राला दिली, या वेळी १६८ उघडी ठेवून.
एकोणीस याद्यांत तिचं नाव आलं. दोनांत पहिलं.
एकोणीस घरी तिचा कागद गेला असता. कोणी विचारलं असतं का, माहीत नाही. कदाचित एकानेही नसतं. पण तेव्हा ते 'नाही' खरं असतं.
एकोणीस तारखा एका कागदावर लिहिल्या. नावं लिहिली नाहीत, ती माणसं परकी आहेत. हा कागद कोणासाठी करतोय ते स्वतःलाच विचारलं नाही.

रवि., २९ जाने.
काकू म्हणाल्या, "१६८ झाक आता. मी साखरपुड्यानंतर कुंकू लावीन, पण तुझं तू करून टाक, मग विसरशील."
मग विसरशील, म्हणाल्या.
झाकायची आज्ञा टाइप केली. शेवटचं बटण दाबलं नाही. सगळी अक्षरं एकेक करून पुसली. झाकली, असं सांगितलं. दोन आठवड्यांत हे तिसरं खोटं.

रवि., ५ फेब्रु.
काकूंना सांगितलं. आप्पा आज आले नाहीत, आमंत्रणं करत फिरतायत, म्हणून धीर झाला. ९३ ची रोजनिशीच पुढे ठेवली. बोलता आलं नसतं.
चष्मा लावून वाचलं त्यांनी. मग कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या. मला वाटलं आता हाकलतील. हाकलायला हवं होतं.
"क्लास पुरा केलायस का रे तू?" एवढंच आधी विचारलं.
"नाही."
"वाटलंच होतं."
कधीपासून वाटत होतं ते विचारायची हिंमत झाली नाही.
मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी अशा वह्या हाताने चाळत होते. प्रत्येक मुलाच्या मागणीला प्रत्येक मुलगी डोळ्यांखालून जायची. तू आलास आणि मी चाळायची थांबले. एक वर्ष त्या माणसाच्या तोंडावर सांगत राहिले, कोणाचं आलं नाही. तोंडावर, मोहन."
त्यांचे डोळे भरले. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर.
मी म्हटलं, शैलजाताईंना सांगायला हवं.
"अजिबात नाही. साखरपुडा सात दिवसांवर आलाय. गंगेत घोडं न्हालंय ते न्हाऊ दे. तिकडचा माणूस चांगला असेल आणि तू जाऊन मोडून येशील, मग? तुझं मन हलकं व्हायला तिचं लग्न मोडायचं?"
  मन हलकं व्हावं म्हणूनच जायचं असेल मला. पण ती म्हणाली आहे, माझ्यातच काहीतरी असणार. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे.

बुध., ८ फेब्रु.
गेलो.
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, रस्त्यात त्याचीही लाज वाटली. साडेसहा वाजलेले. दार शैलजाताईंनीच उघडलं. ऑफिसातून नुकत्या आलेल्या, खांद्याला पर्स तशीच. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. उंची, नक्षत्र, जन्मसाल सगळं पाठ आणि चेहरा माहीत नाही.
"बाबा भटजींकडे गेलेत."
"तुमच्याशीच काम होतं. मी काकूंच्या मंडळातला. कॉम्प्युटर बघतो."
"अच्छा, इंजिनिअर." हसल्या. घरी हाच विनोद चालत असणार.
उभ्यानेच सांगितलं. पाठ केलेलं, तरी मागेपुढे झालं. कागद दिला. त्यांनी तो वाचला, तारीख तारीख करून, मग खुर्चीवर बसल्या. पर्स खांद्यालाच.
"म्हणजे यांनी मला नाही म्हटलं नाही."
"नाही."
"यांना मी माहीतच नव्हते."
"नाही."
"बाबा दर रविवारी तुमच्यासमोर येऊन बसत होते ना हो?"
"हो."
"ऊन असो, पाऊस असो."
"हो."
यानंतर त्या जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. बरोबर बोलल्या. आवाज चढवला नाही. मी पायांकडे बघत होतो. चपला काढायला विसरलेलो, त्यांच्या स्वच्छ फरशीवर तसाच उभा.
मग त्यांनीच पाणी आणून दिलं. ते का दिलं कळलं नाही. पिऊन टाकलं.
"बाबांना सांगू नका. सांगायचं तर मी सांगेन. टिटवाळ्याच्या माणसाशी माझं दोनदा बोलणं झालंय. वाईट नाहीयेत ते. पण मी हो म्हटलं ते..."  कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.
दारात मी विचारलं, फाईलचं काय करू? काकूंनी झाकायला सांगितलंय.
"मी सांगेपर्यंत झाकायची नाही. आणि या वेळी लक्षात ठेवा."
मन हलकं झालं नाही. काकूंना सांगायला हवं, की निदान तेवढं तरी झालं नाही.

शुक्र., १० फेब्रु.
काकूंना सांगितलं की गेलो होतो.  त्यांनी वही उघडली आणि पहिल्या पानापासून हाताने चाळायला बसल्या. मला म्हणाल्या, "तू यंत्रातले नंबर वाच, मी बघते." दोनशे अकरा नंबर, एकेक करून. अजून कोणी चुकून झाकलेलं राहिलंय का ते बघायला. कोणी नाही. एकच होती.

रवि., १२ फेब्रु.
सकाळी नऊला आलो. गोग्रासवाडीहून ना निरोप, ना फोन. साखरपुडा साडेदहाला, त्यांच्या घरीच. काकू जांभळी रेशमी साडी नेसून तयार होत्या. मला चल म्हणाल्या नाहीत. वही १६८ च्या पानावर उघडी ठेवली, शेजारी कुंकवाची डबी.
"आल्यावर लावते," म्हणाल्या. पायरीवर थांबल्या. "किंवा नाही लावत. बघू."
रिक्षा गेली.
यंत्र चालू केलं. ठाण्याच्या मुलाची मागणी पुन्हा दिली. सात नावं. चौथं SHAILAJA. तसंच पडद्यावर राहू दिलंय.
आता साडेबारा. काकू आल्या नाहीत. लाईट आहेत. बटणांना हात लावलेला नाही.