मिठाचा हिमालय

पनवेल, ता. ९ मार्च १९६४

चिरंजीव विठू यास मामा आनंदाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी मंडळी सुखरूप. तुझी खुशाली तू लिहितोस तेवढीच कळते, म्हणजे ‘मजेत आहे’ एवढीच. (दोन शब्दांसाठी सरकारचं अख्खं कार्ड फुकट घालवतोस.) तुझी आई ठणठणीत आहे आणि तुझी अजिबात काळजी करत नाही. हे वाक्य तिने मला समोर बसवून लिहायला लावलंय, तेव्हा खरंच असणार. खरं तर पत्र इथेच आटोपतं घेतलं असतं, पण गेल्या महिन्यात एका रविवारी तुझ्या आईने हिमालयात जो पराक्रम गाजवला, तो सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

त्याचं असं झालं, आपले पेन्शनीत आलेले सुभेदार दादूसाहेब आहेत ना (मिशीला पीळ देत बाजार करतात ते), त्यांनी बाजारामागच्या भाताच्या गोदामात डोंगरी फौजेचं संग्रहालय मांडलंय. जन्म खाडीकाठी, उभी नोकरी बर्फात, त्यामुळे हौस दांडगी. दोरखंड आहेत, बर्फ फोडायची कुऱ्हाड आहे, काळे चष्मे आहेत, तोफ वाहणारं पेंढा भरलेलं खेचर आहे. (त्याचा एक कान उंदरांनी नेला.) आणि मधोमध प्लॅस्टरचा जवान, अंगात लोकरी कोट, पायांत हे मोठाले बूट, घोट्यापर्यंत बर्फात उभा. आता पनवेलीत बर्फ कुठला? तो आपल्या मिठागरातला! गाडीभर मीठ मीच पोचतं केलं आणि चार लोकांत छाती काढून फिरलो. पण इथल्या दमट हवेत मिठाला पाणी सुटतं हे आगरात जन्म काढून मी विसरलो. त्या रविवारी गेलो तेव्हा हिमालय ओघळत दारापर्यंत आला होता.

तुझ्या आईला मुद्दाम नेलं. तू फौजेत, तिकडे बर्फात गेल्यापासून कुणी थंडीचं नाव काढलं की तिचा हात ताटातच थांबतो. (काळजीने नव्हे हं, सहज.) जवान कसा उबेत उभा असतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाई नीट जेवेल, असा माझा बेत. आधी सगळं छान चाललं. ती जवानासमोर बराच वेळ उभी राहिली, खुशीत म्हणाली, “नाक आपल्या विठूचंच हाय.” मग वाकून तिने बर्फाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि तिचा चेहराच पालटला.

“आनंदा, आरं ह्यं तं मीठ हाय! नि पोरगा बूट घालून उभा?”

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. आगरात उतरायचं ते अनवाणी. मिठावर जोडा पडला, की वर गेल्यावर देव तेवढं मीठ पापण्यांनी वेचायला लावतो. मी कानाशी लागून सांगितलं, अगं, प्लॅस्टरचा आहे तो. पण नाकावरून तो विठूच ठरला होता, आणि पोटच्या पोराला अख्खा हिमालय पापण्यांनी कोण वेचू देईल? तिने पदर खोचला, दोरी ओलांडली आणि फतकल मारून बूट ओढायला लागली. सुभेदार ओरडले, “बाई, ती हद्द आहे!” ही म्हणते, “हद्द तुमची, पोरगा माजा!” बूट निघाला. जवान कलला तो खेचराच्या गळ्यात पडला, आणि खेचर सुभेदारांच्या. एवढ्या वर्षांत बर्फात कधी न घसरलेला माणूस पनवेलच्या मिठात आडवा झाला!

पण तुझ्या आईचं तिकडे लक्षच नव्हतं. बुटातून बाहेर आला तो उघडा पाय. तिने तो मांडीवर घेतला आणि पदराने त्याचं मीठ पुसलं. “मोजं नाय रं पोराला,” एवढंच म्हणाली. विठू, खरं सांगतो, तेव्हा मला हसू आलं नाही. सुभेदार मिठात बसल्या बसल्या समजूत घालू लागले, की खऱ्या जवानाला चांगले दोन-दोन जोड मिळतात. “मंग याचं कुटं हायत?” म्हटल्यावर ते मिशीतलं मीठ झटकायला लागले. (बूट चढवताना स्वतःच विसरले होते.)

त्या दिवसापासून तुझी आई रोज दुपारी शाळेतल्या कृष्णाबाईंकडे विणकाम शिकायला जाते. सुया फावड्यासारख्या धरते, पण हटत नाही. जवान पुन्हा उभा केलाय, तिच्या हुकमावरून अनवाणी, बूट बाजूला काढून. कुणी विचारलं तर सुभेदार मिशी पिळत सांगतात, हा जवान रजेवर आहे.

असो. तुझ्या सोबत्यांना माझा रामराम सांग, आणि कार्डावर आता निदान चार शब्द तरी येऊ देत.

तुझा मामा,
आनंदा

ता. क. तिथला बर्फ एकदा चाखून बघ. खारट लागला तर बूट काढ. न लागला तर तसं तुझ्या हाताने आईला कळव, माझ्या शब्दावर तिचा भरवसा उरलेला नाही.

ता. क. दुसरा. सोबतच्या पुडक्यात मोजा आहे. एकच आहे, पोस्टवाल्यांवर आळ घेऊ नकोस. जोडीचाही विणून झालाय, तो ती उशाखाली घेऊन निजते. धाडायला मागितला तर म्हणाली, “त्यो पोस्टानं नाय जायचा. पाय घेऊन यावं नि घालून जावं.” तेव्हा बाबा, रजेचा अर्ज कर. वर काळजीबद्दल जे लिहिलंय ते मी खोडणार होतो, पण तिने हात धरला.