नकाशातली सरळ रेघ

३ मार्च, मंगळवार
मिळाली! परवानगी मिळाली! सत्तावीस तारखेला नवी भट्टी पेटणार — तेलावर नाही, उन्हाच्या विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवर. बाकीच्या विभागांतला कार्बन चिमणीतच पकडायचा, की आमच्या रिफायनरीचा कार्बनचा हिशेब शून्य. सिसिलीच्या या किनाऱ्यावर, जिथे पन्नास वर्षं दोरीवरची धुणी काळी झाली! आणि काम माझ्याकडे. फिलिप्पो, आमचा मुकादम, म्हणाला, "नुन्त्सिया, पाय जमिनीवर ठेव. खणायचं तिथेच आहे."

४ मार्च
घरी सांगितलं. मम्माने पटापट मुके घेतले. पापांनी पास्ता वाढून घेतला. चौतीस वर्षं ते याच रिफायनरीत वेल्डर होते. मी हे काम घेतल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, माझ्याशी सरळ बोलत नाहीत. आजही मम्माकडे बघून, "तुझ्या लेकीला सांग, पास्ता निवतोय." त्यांची जुनी भट्टी मी बंद करणार, हा राग. असू दे! नवी पेटली की निवळतील.

७ मार्च
वापरलेल्या तळणाच्या तेलाचा पहिला टँकर आला. रिफायनरीत शुद्ध करायला खनिज तेलाऐवजी आता हेच. सगळ्या आवारात आरांचिनीचा, तळलेल्या भातगोळ्यांचा वास. फिलिप्पोला दुपारी बाराच्या आधीच भूक लागली.

९ मार्च, सोमवार
खणायला सुरुवात. नव्या भट्टीसाठी जमिनीखालून जाणारी जुनी वायूची नळी एका जागी कापून नवी जोडायची, एवढंच. ७१ सालच्या नकाशात ती फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ आहे. तीन मीटर खणलं — नळी नाही! चार मीटर. नाहीच. शोधायचं यंत्र फिरवलं, तर जमिनीत एवढं जुनं लोखंड की ते सगळीकडेच वाजतं.

१० मार्च
काम थांबवलं. नळीत वायू आहे, ती कुठे आहे ते कळल्याशिवाय यंत्राने खणायचं नाही; शोधण्यापुरतं हाताने, जपून. मिलानच्या मुख्य कचेरीतून आलेल्या गालिम्बेर्ती साहेबांनी कागद पुढे केला. "नकाशा तपासला, अशी सही कुणाची आहे?" माझी. मी जुना नकाशा उतरवून घेतला, खाली जाऊन पडताळला नाही. पडताळणार कसा? शुक्रवारपर्यंत नळी सापडली नाही तर काम माझ्याकडून काढणार, आणि भट्टी पुढल्या वर्षावर. पुढल्या वर्षी पैसा दुसऱ्याच बंदराला जाईल, हे न सांगताही कळतं.

११ मार्च
पापांनाच विचारलं. ती नळी जोडताना ते बावीस वर्षांचे होते, तिथेच होते. मी प्रश्न पुरा करायच्या आत उठले, गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. मग माझाही तोल गेला. दाराआडून म्हटलं, "माझं काम बुडालेलं बघायचंय ना तुम्हाला? बघा मग!" मम्मा रडली. मीसुद्धा.

१२ मार्च
काही नाही. दुसरा खड्डा, तोही रिकामा. फिलिप्पो आज एकही थट्टा करेना, त्याचीच भीती वाटते.

१३ मार्च, शुक्रवार
सकाळी नऊला साहेब माझ्या जागी दुसऱ्याचं नाव लिहीत होते. एवढ्यात पापा आले — लग्नाबिग्नाला घालायचा कोट घालून, हातात टोपी. सगळ्यांसमोर जुन्या नकाशाच्या कोपऱ्यातल्या, मला कधी वाचता न आलेल्या पुसट सहीवर बोट ठेवलं. "नळी नकाशाबरहुकूम टाकल्याची ही सही माझी. खोटी आहे. पोरीला बोल लावू नका." मग त्यांनी सांगितलं: इथे शेत होतं तेव्हाची मादोन्नाची, मेरीमातेची देवळी नळीच्या वाटेत होती. मातेच्या पायाखालून वायू न्यायला एकही मजूर तयार होईना. उत्तरेकडचा सर्व्हेयर ऐकेना. मग एका रविवारी सगळ्यांनी मिळून नळीला अकरा मीटरचा वळसा दिला, आणि कागदावर ती सरळच ठेवली. पुढे देवळी गेटपाशी हलवली. वळसा ठाऊक असलेले इतर सगळे गेले. उरले पापा.

त्यांनी पावलं मोजली, टाच आपटली. दुपारी नळी मिळाली.

परतताना गाडीत म्हणाले, "तू हे काम घेतलंस त्या दिवसापासून वाटायचं, ही खणणार, माझं खोटं सापडणार, आणि माझ्याकडे बघणार."

राग नव्हताच. तीन वर्षं ते माझ्या नजरेला घाबरत होते.