पाळणाघर, मुलीचं कर्ज आणि माझी शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारी, वय चौपन्न, धंदा पाळणाघर, गल्लीत सगळ्यांची मावशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. उद्या माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ आहे तर माझ्या दोन-दोन सह्या कशाला घेतल्या? माझं शिक्षण चौथीपर्यंत. कायद्याचे शब्द वकीलबाईंनी सांगितले, बाकीचे माझे. त्यांनी मधे कपाळाला हात लावला, पण मी काही बदललं नाही.

१. राहती खोली आणि पुढचा हॉल माझ्या पश्चात थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मा-निम्मा. मात्र हॉलमध्ये मुलं येत आहेत तोवर तो विकायचा नाही. माझ्या हाताखालच्या बाईला पाळणाघर चालवायचं असेल तर चालवू द्यावं. ती रागीट आहे, पण मुलांना तिचा राग खोटा आहे हे कळतं.

२. यजमानांची सुतारकामाची पेटी थोरल्याला. पाळणाघरातल्या बुटक्या खाटा, टेबल, सगळं त्यांच्या हातचं. प्रत्येक कोपरा ते घासून गोल करत. मी ओरडायची, "अहो, उद्या मुलं यायची आहेत, उरका की!" तर म्हणायचे, "मुलं धडपडणारच. लाकडानं तरी नीट वागावं." थोरला तेव्हा त्या भुशातच झोपायचा, केसांत सगळा भुसा. आता त्याचं गॅरेज आहे आणि केसच राहिले नाहीत. पेटीतला रंधा त्यानं विकू नये. विकला तर मला कळेल.

३. कपडे धुण्याचं मशीन नणंदेला. तिला धुण्याची फार हौस. माझ्याकडे पद्धत अशी, की नव्या मुलाच्या आईकडून तिचा वापरलेला, न धुतलेला एक कपडा मागून घ्यायचा. दुपारी मूल तो नाकाशी धरून झोपतं. वन्सं मदतीला आल्या आणि पहिल्याच सकाळी त्यांनी सगळे कपडे साबण लावून धुतले, वर निळीत बुडवले. दुपारी हॉलमध्ये जी रडारड उठली, ती अजून माझ्या कानात आहे. वन्सं म्हणाल्या, "एवढं स्वच्छ केलं तरी रडतात!" तेव्हा माझी धाकटी शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि एकेका मुलाजवळ बसून विचारू लागली, "तुझी आई झोपवताना काय करते?" कोणाची पाठ खाजवली, कोणाचा कान धरला, एकाला चक्क रागावली, कारण त्याची आई रागवायची. एकेक करून झोपली सगळी. मी दारात उभी राहून बघत होते. वन्संशी माझं बोलणं नाही, पण त्या दुपारबद्दल मशीन त्यांचंच.

४. बँकेतली मुदत ठेव. ही मी मुलीच्या शिक्षणकर्जासाठी देते. त्या कर्जाला जामीन मी आहे. कुटुंबशास्त्राची पदवी घ्यायची म्हणाली, तेव्हा जेवताना थोरला म्हणाला, "आई, घरात कसं राहायचं हे शिकायला कॉलेज लागतं?" ती म्हणाली, "दादा, तुझ्याकडे बघून लागतं असंच वाटतं." सुनेला हसून ठसका लागला. मग त्यानं हिशेब मांडला. एवढी फी, एवढं व्याज, आणि शेवटी पगार किती? "तेवढ्यात मी दुसरं गॅरेज टाकतो."

त्याचा हिशेब बरोबर होता, हे मी इथे लिहून ठेवते. मुलगी कुटुंब सल्ला केंद्रात आहे आणि अर्धा पगार हप्त्यात जातो. पैशात बघाल तर सौदा तोट्याचाच. पण एकदा ती डबा विसरली म्हणून मी तिकडे गेले. समोर नवरा-बायको वेगळे होताना आपल्या लहान मुलीवरून भांडत होते, आणि ही नुसती बसलेली. मी असते तर दोघांना बाहेर काढलं असतं. बऱ्याच वेळानं भांडायलाही काही उरलं नाही, तेव्हा हिनं मुलीला काय आवडतं एवढंच विचारलं. बाप म्हणाला, "शनिवारी मी नेईन तिला पोहायला." आईनं मान डोलावली.

आता विमा कचेरीनं मुलीला दुप्पट पगार देऊ केला आहे. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. म्हणते, "आई, कर्ज फिटेपर्यंतच जाते." असं म्हणणाऱ्या आया मी जन्मभर पाहिल्या. घर होईपर्यंत, गाडी फिटेपर्यंत. रोज दिवेलागणीला मूल न्यायला यायच्या, आणि बघता बघता मूल त्यांच्या खांद्याला लागायचं.

५. इथवर लिहून झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, हे तुमच्या पश्चात लागू होतं. तुम्ही आणखी वीस वर्षं जगलात तर?" मी जगणारच आहे. मग हे कलम काय कामाचं? मी चप्पल घातली, थोरल्याला गॅरेजमधून उठवलं आणि बँकेत गेले. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कापू म्हणाले. कापा म्हटलं. कर्ज पुरतं फेडलं. थोरला म्हणाला, "आई, तोट्यात गेलीस." बाहेर आल्यावर त्यानंच मला चहा पाजला आणि बराच वेळ नाक पुसत बसला. सबब कलम ४ मधली ठेव आता शिल्लक नाही. कलम खोडू नये, तिला वाचू द्यावं.

६. मुलीला मी काही सांगितलेलं नाही. ती रडणार, आणि मग माझीच समजूत काढत बसणार. उद्या मी आत असताना थोरल्यानं तिला सांगावं. त्यानंच सांगायचं, दुसऱ्या कोणी नाही. सोमवारी काय कळवायचं ते तिचं तिनं ठरवावं. विमा कचेरीत जायचं असेल तर खुशाल जावं, पण हप्त्याचं नाव पुढे करू नये.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर आपापली सही केली.

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा बेकरीवाला (सही, हाताला पीठ होतं, डाग तोच आहे)

लिहून ठेवणार: पाळणाघरवाली मावशी (सही)
ठिकाण: पाळणाघराचा हॉल, मुलं झोपलेली असताना
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, गुरुवार