पंधरावा चेंडू

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

उस्मानाबाद, ता. २८ डिसेंबर १९४३

तीर्थस्वरूप वीरप्पामामांच्या चरणी भाचा शांतलिंग याचे शरणार्थ. विनंती विशेष.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून काळजीत होतो. पण बेंबळीहून आलेल्या गजराबाईंनी सांगितलं, की तुम्ही ठणठणीत आहात आणि ज्वारी राखायला जाऊन पाखरांपेक्षा गड्यांवरच जास्त ओरडता. ऐकून जिवात जीव आला.

लिहिण्यास कारण, सोलापूरच्या एका क्लबातून मला बोलावणं आलंय. त्यांना बिलियर्डच्या टेबलापाशी गुण मांडायला नवा मार्कर हवा आहे. २४ जानेवारीला परीक्षा. पंधरा चेंडूंच्या डावात एकदाही न चुकता चाळीस चेंडू खिशात घालायचे. शांतम्माचं माहेर सोलापूरचं, तिनं आत्तापासूनच भांडी बांधायला काढलीत. पण मामा, मला नोकरीपेक्षा वेगळीच तळमळ लागलीय. सात वर्षं इथं साहेबलोकांच्या काठ्यांना खडू लावला, त्यांचे गुण फळ्यावर मांडले, आणि जुने मार्कर म्हणून तुम्ही शिकवलंत तसा त्यांच्याशी खेळून अदबीनं हरलो. मला खरंच खेळता येतं का, हे माझं मलाच ठाऊक नाही. ते एकदा कळायला हवं.

घोडं एकाच जागी अडलंय. चौदा चेंडू घेतो, पंधरावा राखतो, चौदांचा त्रिकोण पुन्हा मांडतो. मग तो पंधरावा खिशात घालता घालता त्याच फटक्यात काठीच्या पांढऱ्या चेंडूनं त्रिकोण फोडायचा, तरच पुढचे चेंडू मोकळे होतात. रोज सकाळी क्लब उघडण्याआधी हाच फटका वीस वीस वेळा मारतो. त्रिकोण छान फुटतो, पण पंधरावा खिशाच्या ओठाला लागून बाहेरच राहतो. काल विसांत चार गेले, आज तीन.

इथल्या क्लबातल्या मुन्सिफ साहेबांना सोलापूरचं अजून सांगितलं नाही. रोज संध्याकाळी मला हरवतात आणि खुशीत घरी जातात. पोरीच्या तापात त्यांनीच डॉक्टर धाडला होता, त्यामुळे तोंड उघडत नाही.

मामींना शरणार्थ. मायेत अंतर पडू देऊ नये, आणि रागावायचं तर माझ्या हातावर रागवावं.

आपला,
शांतलिंग


मु. बेंबळी, ता. २ जानेवारी १९४४

चि. शांतलिंग यास मामाचे अनेक आशीर्वाद.

गजराबाईचं ऐकशील तर आणखी बरंच ऐकशील. गड्यांवर ओरडतो ते खरं आहे, पण ते झोपतात हे ती सांगायची नाही.

आता तुझा फटका. पंधरावा कुठला राखायचा हे तू अगदी शेवटी ठरवत असणार. पाच उरले की ठरव. तो त्रिकोणाच्या बगलेला हवा आणि पांढरा त्याच्या मागं जरा तिरका. अगदी सरळ रेषेत आलास तर चेंडू जाईल, पण पांढरा जागीच मरेल. दुसरं, फोडायचं म्हणून हाणू नकोस. पांढऱ्याच्या मध्याच्या किंचित वर काठी लाव, तो आपसूक त्रिकोणात शिरेल. आणि फटक्याआधीची शेवटची नजर पंधराव्यावर असू दे, त्रिकोणावर नको. जागा सापडली की कापडावर खडूची खूण कर आणि तिथूनच शंभरदा मार. खूण पुसायला विसरू नकोस, नाहीतर साहेब तुला फोडतील.

तरीही जमलं नाही तर दोष दुसरीकडं आहे. ९ तारखेच्या रविवारी सकाळच्या मोटारीनं येतो. माझी लांबची नजर अधू झालीय, तुझी मामी म्हणते समोर बैल आहे की म्हैस ते तुम्हाला कळत न्हाय. तरी एक डाव खेळू. शांतम्माला सांग, शेंगाची चटणी कर. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे जाणून असावे.

वीरप्पा


मु. बेंबळी, ता. १० जानेवारी १९४४

चि. शांतलिंग यास आशीर्वाद. या खेपेला जरा रागानंच.

काल मोटारीची वेळ झाली म्हणून बोललो नाही, आणि शांतम्माच्या देखत बोलायचंही नव्हतं. मला जिंकायला आठ चेंडू हवे होते. तू पंधराव्यावर उभा राहिलास. त्रिकोण फुटला, पंधरावा ओठावर थांबला, आणि सगळं टेबल माझ्यासाठी उघडं पडलं. मी जिंकलो. तू पाया पडलास.

मला दिसत नसेल, पण ऐकू येतं. चेंडू ओठाला लागला तो आवाज मी ओळखतो. खरा चुकलेला चेंडू असा वाजत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा चुकवायचा, साहेबाला संशय येऊ द्यायचा नाही आणि त्याला उघडं टेबल द्यायचं, हे तुला पहिल्याच महिन्यात कुणी शिकवलं? मीच. तू म्हणशील, मी मुद्दाम केलं नाही. तेच तर वाईट आहे पोरा. आता ते तुझ्या मनाला न विचारता हातच करतो. वडीलधारा दिसला की हरतो, आणि सकाळी एकटा असतानाही कुणातरी नसलेल्या साहेबापुढं हरतो. गेल्या पत्रात मी तुला कोन शिकवत बसलो. रोग एक आणि औषध भलतंच.

याला शंभर फटक्यांनी गुण येणार नाही. मुन्सिफ साहेबांना जाऊन खरं सांग. ते चिडतील, कदाचित घालवूनही देतील. सोलापूर मिळालं नाही तर मग तेही गेलं आणि हेही गेलं. हे सगळं धरूनच लिहितोय. पण तोंड खोटं बोलत असेल तोवर हात खरं बोलायचा नाही.

चटणी चांगली झाली होती, हे शांतम्माला सांगायचं राहिलं. रागावलो तरी तुझाच आहे.

वीरप्पा


उस्मानाबाद, ता. ३० जानेवारी १९४४

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी शांतलिंगचे शरणार्थ.

आधी गोड बातमी. सोलापूरला त्रेचाळीस झाले! पंधरावा तिन्ही वेळा खिशात गेला आणि त्रिकोण तिन्ही वेळा फुटला. चव्वेचाळिसावा चुकला, पण तो खराखुरा चुकला, त्याचाही मला आनंद झाला. एक मार्चला रुजू व्हायचंय. शांतम्मा रडली, मग लगेच बांधलेली भांडी सोडून पुन्हा नीट बांधू लागली.

आता मुन्सिफ साहेबांचं. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी सोलापूरचं आणि मुद्दाम हरण्याचं, दोन्ही सांगितलं. ते बराच वेळ पानाचा डबा उघडत मिटत बसले. मग म्हणाले की आज नीट खेळ, हा हुकूम आहे. मी एका दमात एकतीस घेतले. त्यांना खुर्चीतून उठावंच लागलं नाही. डाव संपल्यावर त्यांनी विचारलं, की सात वर्षांत आपण खरे जिंकलेले डाव किती. मी सांगितलं, दोन. एक त्यांची बदली रद्द झाली त्या दिवशीचा आणि दुसरा गेल्या दसऱ्याचा. त्या दोन्ही दिवशी मला कसली लहर आली होती कुणास ठाऊक, जीव तोडून खेळलो होतो, आणि तरी त्यांनी मला हरवलं होतं. ते दोन्ही डाव त्यांनी माझ्याकडून फटका न् फटका ऐकून घेतले आणि उठून घरी गेले.

दोन दिवस आले नाहीत. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले की तो पंधरावा मला शिकव. तेव्हापासून रोज हरतात, आणि रोज ठरल्या वेळेआधी येतात.

मामा, हे सगळं तुमच्यामुळं झालं. मामींना शरणार्थ, आणि माया आहे त्याहून वाढवावी, कमी करू नये.

आपला,
शांतलिंग


मु. बेंबळी, ता. ६ फेब्रुवारी १९४४

चि. शांतलिंग यास अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिला खेळातलं काही कळत नाही, तरी त्रेचाळीस ऐकून तिनं देवापुढं साखर ठेवली.

मला मात्र त्या दोन डावांनी झोपू दिलं नाही. माझ्या वेळच्या इंजिनिअर साहेबांनी अकरा वर्षं मला हरवलं. जाताना त्यांनी स्वतःची काठी मला बक्षीस दिली, आणि वीरप्पाला आपण कसं हरवत होतो हे साऱ्यांना सांगत राहिले. ते वारले. त्यांना आता कुठं जाऊन सांगू? आणि त्यांनी विचारलंच असतं की आपण खरे जिंकलेले डाव किती, तर मी काय सांगितलं असतं? चार दिवस आठवतोय, एकही आठवत नाही. कारण मी एकदाही खरा खेळलोच नाही रे. त्या म्हाताऱ्याला खरं जिंकायची एकही संधी मी दिली नाही, आणि याला मी इमानदारी म्हणत होतो.

मार्चच्या आत एका रविवारी पुन्हा येतो. या वेळी मला खरा हरव. दया केलीस तर ऐकू येईल मला.

तुझा मामा,
वीरप्पा