क्रमांक सतराची जखम

५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सरकारमान्य भोंदू, हे तुझं मत पोचलं. विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. एकदोघांना पटलं.

तरीही अभ्यासात भाग घ्यायला तयार झालास, याचं आश्चर्य वाटलं. परवा आमचे एक सहकारी तुझ्या गावच्या दवाखान्यात येतील, दंड बधिर करून मसुराएवढी जखम करतील. दर तिसऱ्या दिवशी तू तिचा फोटो काढून पाठवायचास. आजाऱ्याची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांच्या जखमा उशिरा भरतात, असं आधीच्या अभ्यासांत दिसलंय. संमोहनाने ताण उतरवला तर फरक पडतो का, ते बघायचंय. तू सख्खा भाऊ, म्हणून तुझे कागद सहकारीच सांभाळतील. रोज ऐकायच्या संमोहनाच्या कॅसेटवरचा आवाज मात्र माझा आहे, त्याला इलाज नाही.

वहिनीला अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तू एक दुपारही घराबाहेर काढलेली नाहीस. मदतीला बाई ठेवू का विचारलं, की भाषण ठोकतोस. निदान कॅसेट तरी ऐक.

माया असू दे.
तुझी छोटी


१९ जानेवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

जखम झाली. त्या वेळी मी तुझ्या सहकाऱ्यांना विचारलं, की माणसाला आधी भोसकायचं आणि मग शांत व्हा म्हणायचं, हे कोणतं शास्त्र? ते म्हणाले, हात हलवू नका.

कॅसेट रोज ऐकतो. 'तुमचे खांदे सैल होत आहेत' असं तू अर्धा तास सांगतेस. जन्मात तू मला अहो-जाहो केलं नव्हतंस, त्यामुळे खांदे उलट ताठच होतात. तुझी वहिनी मात्र दहाव्या मिनिटाला गाढ झोपते. मी जागा राहतो. कुणीतरी राहायला हवं.

फोटो वेळेवर टाकतो आहे. जखम झकास भरते आहे. मी थकलेलो नाही, हे मी भर सभेत छातीठोकपणे सांगेन. पण सभेला जायला सवड नाही.

लोभ कमी करू नकोस.
दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल बैठकीत सहकाऱ्यांनी 'क्रमांक सतरा'चे फोटो नाव न सांगता भिंतीवर लावले. बाराव्या दिवशी जखम नाहीशी! विभागप्रमुखांनी संमोहनावर चार शब्द बोलून घेतले. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत.

पहिल्या फोटोत दंडावर तिकोनी डाग आहे. सहा वर्षांची असताना मी तुला इस्त्रीने दिलेला. बाराव्या दिवशी जखमेबरोबर तोही बरा झाला होता. दादा, पन्नास वर्षांपूर्वीचा चटका संमोहनाने जात नाही. स्टुडिओत चाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नवरानवरींचे मुरूम घालवणाऱ्या माणसाच्या हाताने जातो.

मी तिथल्या तिथे उठून सांगितलं. क्रमांक सतरा बाद झाला. विभागप्रमुख आता माझ्याशी फक्त चिठ्ठीने बोलतात.

खरा फोटो पाठव. अभ्यासाला नको, मला हवाय.

तुझी छोटी


९ फेब्रुवारी

चि. छोटीस आशीर्वाद.

पहिले दोन फोटो खरे होते. तिसऱ्याला हात सवयीने चालला. गिऱ्हाईकाला कधी मुरुमासकट फोटो दिला नाही, तर बहिणीला कसा देऊ? डाग गेला, ही मात्र कारागिराची चूक. ती मान्य.

सोबत खरा फोटो. आज तेहतिसावा दिवस. जखम अजून ओली आहे. दवाखान्यातून मलम आणलंय.

तू रागावशील, म्हणून कारण सांगतो. जखम भरत नाही असं कागदावर आलं असतं, तर तू बाई पाठवली असतीस. बाई दारात उभी राहिली असती, त्या क्षणी हिला वाटलं असतं, की ती मला जड झाली. जगातली सगळी संशोधनं एका पारड्यात घाल, मी ते होऊ देणार नाही. ठराव कायम आहे. दुरुस्ती सुचवू नकोस.

दादा


१५ फेब्रुवारी

चि. वन्संस अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा अडखळले. बोलताना हे कधी अडखळत नाहीत, म्हणून हे आंघोळीला गेल्यावर मी ते स्वतः वाचलं. ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं उत्तरही पाकीट बंद व्हायच्या आधी वाचलं.

शेजारच्या नर्सबाईंशी मी बोलले. उद्यापासून त्या येतील. ह्यांनी तासभर भाषण केलं. मी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हटलं, मला तुमचा कंटाळा आलाय, पंधरा दिवस बहिणीकडे जा. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, ह्यांनी माझं ऐकलं असं पहिल्यांदाच पाहिलं. बॅग भरली.

उद्या दुपारच्या गाडीने पोचतील. हे पत्र ह्यांच्याच बॅगेत, टॉवेलाखाली ठेवते आहे. बॅग तुम्हीच उघडायची, असं ह्यांना बजावलंय. जेवण झालं की झोपू द्या, उठवू नका. मलम सकाळ-संध्याकाळ.

कंटाळा आलेला नाही, हे जखम भरल्यावर सांगा. आधी सांगितलंत, तर परत येतील.

तुमची,
वहिनी