गेल्या वर्षापासूनचा लेखक

चेन्नई, शनिवार, नोव्हेंबर २००७

तंजावरची जुनी मराठी नाटकं राजानं लिहिली की त्याच्या पंडितांनी, यावर आज मराठी मंडळात वाद रंगला. अंबत्तूरच्या त्या आयटीवाल्या मुलीनं शब्दांच्या सवयींवरून लेखक ओळखणारा प्रोग्राम आणला होता. चाचणीला माझेच विनोदी लेख घातलेले!

"काका, गेल्या वर्षापासूनचे लेख तुमचे नाहीत म्हणतोय. शब्द कमी झालेत, तेच तेच येतात."

"मग मानधनही त्यालाच द्या," मी म्हणालो. सगळे हसले. बायको, सुमन, तेवढी हसली नाही.

पण लिहिलेत मीच ना? ओळ न् ओळ मीच.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग आम्हा मुलांची नावं. त्यांचं सगळं सुमननंच केलं. म्हणून हसली नसेल?

येताना ऑटोत तिनं सहज विचारलं, "त्या मुलीचं नाव काय हो?"

"माझी परीक्षा घेतेस?" म्हणत मी चिडल्याचं नाटक केलं.