गाण्यातल्या माझ्या हाकेची वाटणी

मी, श्रीमती अंबूबाई केरबा वरुटे, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे शहात्तर आणि सासूच्या म्हणण्याप्रमाणे एकोणऐंशी, धंदा म्हशी, शिक्षण चौथी, राहणार गंगावेशीच्या मागे, कोल्हापूर, आज माझ्या राजीखुशीने, कुणाच्या धाकात न येता आणि कुणाला न विचारता हा कागद लिहून ठेवते. मी ‘ठेवतो’ असं लिहिलं होतं, आमच्याकडे बायका तसंच बोलतात. वकील गुरुप्रसाद म्हणाले, कोर्टाच्या कागदात बाईनं ‘ठेवते’ लिहावं. बरं, ठेवते. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे. त्यांनी चार जागी खोडा म्हणून सांगितलं. त्या चारही जागा जशाच्या तशा आहेत.

१. माझी अक्कल ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, मुलाचं नाव विचारलं, शंभरातनं सात वजा करायला लावले. ते झाल्यावर मी त्यांना विचारलं, तुमच्या घरात येतं ते दूध कुठल्या म्हशीचं? त्यांना सांगता आलं नाही. तरी दाखला मलाच घ्यावा लागला.

२. मला वारस दोन. मुलगा विश्वजित, वय बावन्न. आणि नात स्नेहल, माझ्या मयत लेकीची मुलगी, जी सहाव्या वर्षापासून याच घरात वाढली. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडानं ज्याला जे कबूल केलं असेल ते रागात नाहीतर गोडीत केलं असेल. ते सगळं रद्द.

३. राहतं घर, खालच्या दोन खोल्या आणि मागचा गोठा, विश्वजितला. वरची खोली स्नेहलला, किल्लीसकट. गोठ्यात एक जरी म्हैस जिवंत असेल तोवर तिथं गाडी लावायची नाही. विश्वजितनं जागा टेपानं मोजून ठेवली आहे हे मला ठाऊक आहे. टेप माझ्याच ट्रंकेतला होता.

४. बँकेत जे काही असेल त्यातनं माझं दहावं-तेरावं उरकावं. जेवणावळीत पिशवीच्या दुधाची खीर केली तर मी परत येईन.

५. दुधाचा कस बघायचं काचेचं यंत्र माझी जाऊ आक्का हिला द्यावं. गेली चाळीस वर्षं माझ्या दुधात पाणी आहे असं ती गल्लीभर सांगत आली. हे यंत्र चांगल्या दुधात वर तरंगतं आणि पाणी घातलेल्यात खाली जातं. आक्कानं ते आपल्या चरवीत सोडावं. वर आलं नाही तर हात घालून काढावं.

६. आता गाणं. या कागदाचं खरं कारण तेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्नेहल गाणारी. दोन हजार नऊ साली तिचं ‘टिचकी’ नावाचं गाणं आलं आणि आजऱ्यापासून पुण्यापर्यंत एक गॅदरिंग त्याच्याशिवाय झालं नाही. पोरगी अठरा वर्षांची. पेपरात फोटो आला. विश्वजितनं त्या फोटोची फ्रेम करून आपल्या दुकानात लावली आणि येईल त्या पावण्याला, “भाची हाय माझी,” म्हणून चहा पाजला. पुढं तिची दोन गाणी पडली. फ्रेम आधी माळ्यावर गेली, मग तिच्या काचेला गिऱ्हाईक मिळालं. स्नेहल वरातीत गायली, शाळांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसली, एका मसालेवाल्यासाठी मिरचीवर चार ओळी गायली. अशी सोळा वर्षं काढली. तिनं कधी रड सांगितली नाही. मीही विचारली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती आली. सकाळी गोठ्यात उपडी बादली घेऊन बसायची, हातात मोबाईल. मी धार काढत होते.

“काय करायलीस गं?”

“काय नाही आजी, असंच.”

ते असंच दिवाळीच्या आठ दिवस आधी गाणं होऊन बाहेर पडलं. नाव ‘उभी ऱ्हा बया’. सुरुवातीला गिरणीचा पट्टा सुटल्यासारखी धडधड, मधे स्नेहलचं गाणं, आणि एकदम सगळं बंद होऊन माझा आवाज, “हां बया, हां बया, उभी ऱ्हा!” तिथं नाचणाऱ्यांनी गुडघे वाकवून गप्प उभं राहायचं, मग उडी मारायची. नुसतं उभं राहायला शिकवणारं गाणं मी पहिल्यांदा बघितलं, पण लोकांना तेवढीच गोष्ट येत नसावी, कारण लहानथोर सगळे त्याच्यावर तुटून पडले. मोबाईलवरच्या चित्रात स्नेहल सोनेरी कपडे घालून उभी आहे आणि शेजारी जनावर. मी नीट बघितलं. तो रेडा आहे. माझी धार काढायची हाक आणि समोर रेडा! सोळा वर्षांनी माझी नात परत आली ती रेड्याचं दूध काढायला.

७. मग पाडवा आला. आमच्यात पाडव्याला नदीच्या घाटावर म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, आणि मालकानं सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर बसून आरडत पुढं सुटायचं. जी म्हैस मालकाच्या मागं न थांबता शेवटपर्यंत पळते, तिला ढाल. आमची म्हैस मोरणी दोन वर्षं ढाल आणत होती. यंदा विश्वजितच्या तालीम मंडळानं ट्रॉलीवर डीजे लावला. कुठलं गाणं लावायचं हे विश्वजितनं ठरवलं. भाचीचं गाणं गाजतंय म्हटल्यावर मामाला पुन्हा भाची आठवली होती.

मोरणी उधळल्यासारखी पळत होती. पंचांच्या मांडवासमोर आली आणि ट्रॉलीवरनं माझा आवाज आला, “हां बया, उभी ऱ्हा!” मोरणी जागच्या जागी उभी राहिली. पाय फाकले, डोळे मिटले आणि भर रस्त्यात पान्हा सोडला. विश्वजितला मागचं काही माहीत नाही. तो एकटाच फटफट करत शेवटच्या दोरीपर्यंत गेला आणि हात वर केले. मागं वळून बघतो तर म्हैस नाही, आणि आख्खा घाट हसतोय.

ढाल आक्काच्या नातवाला गेली.

विश्वजितला लाज वाटली असती तर प्रश्न मिटला असता. त्याला राग आला. चौथ्या दिवशी त्यानं एका वकिलाकडनं गाणं काढणाऱ्या कंपनीला नोटीस धाडली की गाण्यात माझ्या आईचा आवाज विनापरवानगी चोरला आहे, गाणं उतरवा. वर मलाच सांगायला आला.

“आई, चोरी हाय ही. तुझा आवाज इकायली ती.”

“माझा आवाज तुला कधीपास्नं गोड लागाय लागला? आजवर तर ‘आई, वरडू नगो’ एवढंच ऐकलंय मी.”

“तसं न्हवं, हक्काचा प्रश्न हाय.”

“व्हय. आणि ढालीचा न्हाय.”

तो जेवला नाही. ताट म्हशीला घातलं.

कंपनीनं स्नेहलला कळवलं की डिसेंबर संपायच्या आत आवाजाच्या मालकिणीची सही आणा, नाहीतर गाणं काढून टाकू. ती पहिल्या एसटीनं आली. दारातच उभी राहिली.

“आजी, गाणं उतरवलं तर मी संपले गं.”

“संपायला तू काय साखर हाईस?”

“सोळा वर्षांनी लोक माझं नाव घ्यायलेत.”

“नाव तुझं घेत्यात, आवाज माझा हाय. इचारलं का न्हाईस?”

“इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस.”

पुण्यात राहून आलेली तिची भाषा तेवढ्यापुरती घरी आली. आणि बोलली ते खरं होतं. मी नाहीच म्हटलं असतं. मी तिला सांगितलं, “आत ये, चा घे. सहीचं मी बघतो.”

८. इथं एक कबुली देते, जी माझ्या मयत नवऱ्यालाही दिली नव्हती. ती हाक माझी नाही. माझ्या सासूची आहे. आमच्या धंद्यात ज्याची त्याची हाक असते आणि म्हैस त्या हाकेलाच पान्हा सोडते. सासू मला गोठ्यात शेण काढायला घ्यायची, धारेला बसू द्यायची नाही, कारण हाक सुनेला गेली की चुलीपाशी आपण बसणार हे तिला कळत होतं. एका चैत्रात ती जोतिबाला गेली. मी तिचं लुगडं नेसले, म्हशीला तिचा वास यावा म्हणून, आणि तिच्याच आवाजात “हां बया” म्हटलं. म्हशीनं चरवी भरून दिली. सासू गुलाल लावून परत आली, चरवी बघितली आणि तीन महिने माझ्याशी बोलली नाही. मी माफी मागितली नाही. तेव्हा चोरीचंच म्हणायचं तर या घरात ही हाक कुणी कुणाला हातानं दिलेली नाही.

९. तरी सही मी लगेच केली नाही. विश्वजित माझा मुलगा आहे, आणि मी गेल्यावर तो पुन्हा नोटीस धाडेल हे मला कळत होतं. दोघांपैकी एकाला घरातनं उठवायचं माझ्या मनात नव्हतं. तेवढ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस गोठ्यात पाय टाकायचा नाही. धारा विश्वजितनं काढायच्या ठरल्या. पहिल्या दिवशी मोरणीनं लाथ मारून बादली पाडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या गुडघ्याला औषध लावावं लागलं. तिसऱ्या दिवसापासून दूध एकदम पहिल्यासारखं.

मी विचारलं, “कसं जमलं रे?”

“हात बसला आई.”

पन्नास वर्षांत जो हात बसला नव्हता तो तीन दिवसांत बसला. रोज सकाळी ताजं दूध प्यायला येणारे माधवराव कारखानीस मला सहज म्हणाले, “काय अंबूबाई, हल्ली तुमच्या गोठ्यात गाणी लागतात.”

सोळाव्या दिवशी मनाई उठली. मी सकाळी चपला न घालता गेले आणि वैरणीच्या ढिगाआड उभी राहिले. आत माझा मुलगा, बावन्न वर्षांचा, माझं हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळून मोरणीच्या कासेशी बसला होता. वर खुंटीला मोबाईल टांगलेला, आणि त्यात भाचीचं गाणं. माझा आवाज आला की तो धार ओढायचा, धडधड सुरू झाली की थांबायचा. मोरणी डोळे मिटून उभी. जे गाणं उतरवा म्हणून त्यानं नोटीस धाडली होती, त्याच गाण्यावर तो दोन वेळा दूध काढून गिऱ्हाईकांना घालत होता.

मी आल्या पावली मागं गेले आणि वकिलांना बोलावणं धाडलं.

१०. सबब माझी अखेरची व्यवस्था अशी.

मोरणी आणि बाकीच्या तीन म्हशी, होणाऱ्या रेडकांसह, विश्वजितला. हिरवं लुगडंही त्यालाच. त्याला ते शोभत नाही, पण म्हशीची तक्रार नाही.

‘उभी ऱ्हा बया’ या गाण्यातला माझा आवाज, आणि माझी हाक जिथं जिथं वाजेल तिथला सगळा हक्क, स्नेहलला. मी जिवंत आहे तोवरची संमती आज वेगळ्या कागदावर सही करून दिली आहे. स्नेहलला अट एकच. पुन्हा चित्र काढलं तर समोर म्हैस पाहिजे. रेडा दिसला तर हक्क गेला.

विश्वजितनं किंवा त्याच्या सांगण्यावरून कुणीही हे गाणं उतरवण्याची खटपट केली, नोटीस धाडली किंवा चालू ठेवली, तर चारही म्हशी त्याच दिवशी दावं सोडून आक्काच्या गोठ्यात नेऊन बांधाव्यात. तिच्या घरी पाण्याला तोटा नाही.

वकील म्हणाले, “आजी, ही शिक्षा जरा कडक होतीय.” मी म्हटलं, तुम्ही आक्काला भेटला नाहीत, म्हणून ‘जरा’ म्हणताय.

११. साक्षीदाराला मृत्युपत्रातनं काही देता येत नाही असा कायदा आहे. म्हणून माधवरावांना काही दिलेलं नाही आणि त्यांनी दूध पूर्वीसारखंच विकत घ्यावं. दुसऱ्या साक्षीदार तेजस्वी, आमच्या जनावरांच्या डॉक्टर, गडहिंग्लजच्या. गेली आठ वर्षं या घरात येऊन खरं निदान सांगणारी ती एकच व्यक्ती आहे.

१२. हा कागद मी वकील सोडून कुणाला वाचून दाखवलेला नाही. पण सही करायला पेन उचललं आणि विश्वजित दारात आला.

“आई, काय लिवलंस?”

“म्हशी तुला दिल्यात.”

“आणि गाणं?”

“गाण्याचं म्हशींना इचार. रोज सकाळी त्यांच्याफुडंच वाजवतोस की.”

माधवराव चष्मा पुसायला लागले. तेजस्वीनं खिडकीकडं तोंड केलं. विश्वजितचे कान लाल झाले. तो “चहा सांगतो” म्हणून बाहेर गेला आणि जाता जाता वकिलांना हाताला धरून घेऊन गेला. बाहेर त्यानं हळूच विचारलं, धाडलेली नोटीस मागं घ्यायची असली तर काय लिहावं लागतं, आणि हे आईला सांगू नका. वकील आत आले आणि त्यांनी मला लगेच सांगितलं. मी एवढं खाली लिहिलं आणि मग सही केली.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हातानं लिहिला, पुन्हा वाचला आणि खरा आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: अंबूबाई केरबा वरुटे (सही केली आहे, अंगठा नाही)

आमच्यासमोर सही झाली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. माधव कारखानीस, निवृत्त शिक्षक
२. डॉ. तेजस्वी, पशुवैद्य

मसुद्याला मदत: गुरुप्रसाद, वकील